चोख, हिणकस आणि बेगडी : ठाणे-कल्याण परिसरातील रुपेपरीक्षेचा इतिहास

१. शब्दांची साक्ष

मराठीत सत्य आणि असत्य, उत्तम आणि अधम यांचा निवाडा करणारे जे शब्द नित्याच्या बोलण्यात येतात, त्यांची कुळे शोधू गेल्यास त्यांपैकी बरेचसे सराफाच्या पेढीवर किंवा सोनाराच्या शेगडीजवळ भेटतात. 'पारख' हा शब्द 'परीक्षा' या संस्कृत शब्दाचा प्राकृतातून आलेला वंशज होय. 'कस' म्हणजे मूळचा 'कष', घासणे. आणि 'कसोटी' म्हणजे 'कषपट्टिका', ज्या काळ्या दगडावर धातू घासून त्याची रेघ पाहावयाची तो दगड. हीन कस ज्याचा तो 'हिणकस'. नाणे किंवा डाग आतून निकोप असेल तर तो 'खणखणीत' वाजतो. आत काही दोष असेल तर 'बद्द' वाजतो. ज्याच्यावर केवळ चकचकीत बेगड चढविली आहे ते 'बेगडी'. अशुद्धतेबद्दल किंवा झिजेबद्दल जी रक्कम कापावयाची तो 'बट्टा'. आणि मनुष्याच्या नावाला लागतो तोही बट्टाच. जुना डाग मोडून त्याच्या धातूची किंमत करणे म्हणजे तो 'मोडीत काढणे'.

या शब्दांकडे जरा बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. हे शब्द परस्परांचे पर्याय नाहीत. कस दगडावर कळतो, खणखणीतपणा कानाला कळतो, बेगड कापल्यावर उघडी पडते, हिणकसपणा प्रमाणाने सांगावा लागतो आणि मोडीची किंमत शेवटी अग्नी ठरवितो. प्रत्येक शब्दामागे एक निराळी परीक्षा आहे. ज्या समाजाने या सगळ्या परीक्षांची नावे जपून ठेविली, त्याला एका परीक्षेवर विसंबून चालत नाही हा अनुभव पुष्कळदा आला असला पाहिजे.

प्रस्तुत लेखात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरापुरता या अनुभवाचा मागोवा घेतला आहे. हा परिसर निवडण्याचे कारण उघड आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ येथून रुप्याची ये-जा होत आली. बंदर, घाट, राजधानी, सुभा आणि लोहमार्ग ही सर्व रूपे या भूमीने धारण केली. या दीर्घ इतिहासातून जे सूत्र हाती लागते ते असे : खोट्या चांदीपासून ग्राहकाचे रक्षण कोणत्याही एका गुप्त युक्तीने झालेले नाही. विकणारा आणि परीक्षा करणारा हे दोघे निराळे राहिले तोवर ते झाले. ही वेगळीक जेथे ढळली तेथे उत्तमांतला उत्तम छापही निरुपयोगी ठरला.

२. कल्याणचा सुवर्णकार आणि नाणेघाटाची वाट

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा 'कल्लिएन' म्हणून उल्लेख येतो. रोमन साम्राज्यातील सोन्यारुप्याची नाणी भडोच बंदरात स्थानिक नाण्यांशी बदलून घेतल्यास नफा होतो, असेही तो ग्रंथकार नमूद करतो. जेथे नाणी बदलून नफा होतो, तेथे नाणी पारखणारा मनुष्य असणे क्रमप्राप्तच होय. कान्हेरीच्या एका ब्राह्मी लेखात कल्याणच्या स्वामिदत्त नामक सुवर्णकाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. सोन्यारुप्याचा धंदा करणारा कल्याणचा गृहस्थ लेण्यात दान कोरवून ठेवण्याइतका संपन्न होता, एवढे या नोंदीवरून निश्चित दिसते.

कल्याणहून मुरबाडमार्गे जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञातील दक्षिणेचे आकडे हजारो कार्षापणांत दिले आहेत. कार्षापण हे मुख्यतः चांदीचे, ठसे उमटविलेले नाणे. त्यांपैकी पुष्कळ नाण्यांच्या पाठीवर मुख्य ठशांशिवाय लहान लहान खुणा आढळतात. नाणे हातोहात फिरताना पारख्यांनी आपल्या तपासणीच्या म्हणून या खुणा उमटविल्या असाव्यात, असे अनेक नाणकशास्त्रज्ञ मानतात. आत तांबे आणि बाहेर चांदीचा पातळ पत्रा अशी बनावट कार्षापणेही उत्खननांत आणि संग्रहांत सापडली आहेत. तात्पर्य, मुलाम्याची विद्या नाण्याइतकीच जुनी आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रात या प्रश्नाचा जो विचार केला आहे तो आजही मननीय वाटतो. तेथे रुप्याच्या नाण्यात सोळा भागांपैकी चार भाग तांबे आणि एक भाग लोखंड, कथील, शिसे इत्यादींपैकी एखादा धातू मिसळावा असे विधान आहे. याचा अर्थ असा की भेसळ आणि फसवणूक या दोन गोष्टी कौटिल्याने एक मानलेल्या नाहीत. ठरावीक आणि जाहीर प्रमाणात केलेले मिश्रण हा नियम. जाहीर केले एक आणि घातले दुसरे, हा गुन्हा. टांकसाळीचा अधिकारी 'लक्षणाध्यक्ष' निराळा आणि नाणी चलनात योग्य आहेत की नाहीत हे ठरविणारा 'रूपदर्शक' निराळा. या परीक्षेबद्दल शेकडा एक अष्टमांश इतके 'पारीक्षिक' नावाचे शुल्क घ्यावे असेही तेथे सांगितले आहे. नाणे पाडणारा आणि नाणे पाहणारा यांची ही फारकत, हाच या विषयाचा पाया होय.

त्याच ग्रंथात सोनाराच्या कारागिरीतील चोरीचे पाच प्रकार दिले आहेत; त्यांतील 'पेटक' हा प्रकार येथे विशेष महत्त्वाचा. शिशाच्या तुकड्यावर सोन्याचा पत्रा चढवून तो आतून मेणासारख्या पदार्थाने घट्ट बसविणे याला तेथे 'गाढपेटक' असे नाव आहे. आजच्या बाजारात आत शिसे आणि बाहेर चांदी अशी जी लगड क्वचित हाती येते, ती या पेटकाचीच पणती म्हणावयास हरकत नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या शिक्क्याचे या भूमीजवळचे सर्वांत मोठे उदाहरण नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या निधीत मिळते. क्षत्रप नहपानाची सुमारे तेरा हजार अडीचशे चांदीची नाणी त्यात होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. या कृतीतील राजकीय विजयघोष सर्वपरिचित आहे. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने पाहता, चांदी तीच, वजन तेच, आणि तरीही नव्या राजाच्या हमीवाचून ती चलनात निःशंकपणे फिरली नसती. छाप हा धातूचा गुण नव्हे. धातूविषयी कोणी तरी दिलेला तो शब्द आहे.

३. श्रीस्थानकाचे शिलाहार : घटत गेलेले रुपे

शब्द देणाराच शब्दाला जागला नाही तर काय होते, याचे उत्तर पुढील शतकांत मिळते. सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची लहान चांदीची नाणी कोकणात आणि देशावर इतकी रूढ झाली की त्याच्यामागून पुष्कळ वर्षांनी, आठव्या शतकाच्या आरंभीच्या अंजनेरी ताम्रपटात रकमा 'कृष्णराज-रूपकां'त मोजल्या आहेत. राजा गेला, राज्य गेले; पण नाण्याची पत उरली. लोकांनी त्या नाण्यावर ठेविलेला विश्वास त्या राजवंशाहून दीर्घायुषी ठरला.

याच्या उलट प्रकार 'गधैया' नावाने ओळखल्या जाणाऱ्या नाण्यांचा. इराणच्या सासानी राजांच्या नाण्यांवरून घेतलेला मुखवट्याचा आणि अग्निवेदीचा ठसा पश्चिम भारतात शतकानुशतके नकलेची नक्कल होत राहिला. चेहऱ्याच्या रेषा आणि टिंबे तेवढी उरली, आणि त्याबरोबर नाण्यातील चांदीचे प्रमाणही सामान्यतः उतरत गेले. श्रीस्थानक म्हणजे ठाणे येथून राज्य करणाऱ्या शिलाहारांपैकी छित्तराजाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात याच धाटणीच्या नाण्यांवर आपले नाव घातले. नाव घालण्याचा हेतू, ठसा ओळखू येईनासा झालेल्या या नाण्यांच्या गर्दीत आपले नाणे वेगळे दिसावे, हाच असणे संभवते.

शिलाहार लेखांत 'द्रम्म' हा शब्द वारंवार येतो. तो ग्रीक 'द्राख्म' पासून आलेला. आणि मराठीतील 'दाम' त्याचाच पुढचा अवतार. उत्तर कोकणच्या लेखांत 'पारुत्थ द्रम्म' असा विशेष निर्देश आढळतो. केवळ 'द्रम्म' म्हणून लेखकाचे समाधान होत नाही. कोणता द्रम्म हे सांगावे लागते. एका नाण्याच्या नावामागे विशेषण लावण्याची गरज पडू लागली की त्या नावाची अनेक नाणी निरनिराळ्या कसाची फिरत आहेत असे समजावे. भाषेतील विशेषण हे येथे सराफाच्या तराजूचे काम करते.

४. बट्ट्याचा व्यवहार

हीच स्थिती मराठेशाहीत विस्तृत प्रमाणात दिसते. कल्याण १६५७ साली शिवाजी महाराजांकडे आले. साष्टी आणि ठाणे १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतले. अठराव्या शतकात पेशव्यांच्या मुलखात चांदवडी, अंकुशी इत्यादी नाना तऱ्हांचे रुपये चालत. चांदवडी हे नाव टांकसाळीच्या गावावरून पडलेले, तर अंकुशी हे नाव नाण्यावरील अंकुशाच्या चिन्हावरून. टांकसाळी बहुधा परवान्याने खाजगी व्यक्तींकडे दिलेल्या असत. परवानेदाराला ठरलेल्या कसाचे बंधन असे. पण नाणे पाडण्यात त्याचा स्वतःचा नफा गुंतलेला असल्यामुळे ते बंधन पाळले जाईलच असे नव्हते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांचे चलन आणि टांकसाळी यांवर जो निबंध लिहिला, त्यात पेशवे दप्तरातील अशा अनेक नोंदी एकत्र केल्या आहेत. धारवाड प्रांतात जमीनदारांनी चालविलेल्या टांकसाळींतून हलकी नाणी निघू लागली, तेव्हा १७६५ साली माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत त्या बंद करून सरकारी देखरेखीची एक टांकसाळ घालण्याचा हुकूम झाला.

या परिस्थितीत सराफ अपरिहार्य होता. 'सराफ' हा शब्द अरबी. 'नाणावटी' आणि 'पारखी' हे देशी. तिघांचे काम एकच : नाणे हाती घेऊन त्याचा कस आणि वजन पाहणे आणि त्याप्रमाणे बट्टा ठरविणे. या काळच्या रुपयांवर सराफांनी मारलेल्या बारीक खुणा आजही दिसतात. कार्षापणाच्या पाठीवरील खुणांची ही परंपरा होय. परंतु येथे एक विसंगती होती. सराफ पारखीही होता आणि स्वतः नाण्यांची खरेदी-विक्रीही करी. बट्टा जितका अधिक तितका त्याचा लाभ अधिक. ज्याला दुसऱ्या पेढीवर जाऊन विचारता येई त्याला या सराफाचे भय नव्हते. ज्याला एकच पेढी ठाऊक होती तो त्याच्या स्वाधीन होता. शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टीतून कल्याणच्या पेठेत उतरणाऱ्या कुणब्याची, ठाकराची किंवा कातकऱ्याची स्थिती बहुधा दुसऱ्या प्रकारची असे.

५. परीक्षा आणि त्यांच्या मर्यादा

आता या परीक्षांचे स्वरूप क्रमाने पाहू जाता प्रत्येकीची उपयुक्तता आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

पहिली परीक्षा डोळ्याची. मुलामा झिजतो तो प्रथम कडांवर आणि उंचवट्यांवर. तेथे पिवळी किंवा तांबूस झाक दिसली तर आत पितळ किंवा तांबे आहे असे समजावे. ओतून केलेल्या खोट्या नाण्यावर अक्षरांच्या कडा बोथट असतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात आणि कडेवर साच्याचा सांधा राहतो. पण नव्या, जाड मुलाम्यापुढे डोळा हतबल होतो.

दुसरी परीक्षा कानाची. चांदीचे नाणे दगडावर टाकले असता त्याचा नाद बराच वेळ रेंगाळतो. शिशाचा गाभा असेल तर तो बद्द वाजतो. परंतु तांबे-निकेलचे मिश्रणही चांगले खणखणते. त्यामुळे नाद बिघडला तर दोष निश्चित; नाद चांगला म्हणून चांदी निश्चित, असे मात्र नव्हे. लोहचुंबकाचेही तसेच आहे. चुंबकाला चिकटणारी वस्तू चोख चांदीची नव्हे हे खरे. पण तांबे, पितळ आणि शिसेही चुंबकाला चिकटत नाहीत.

तिसरी परीक्षा वजनाची. त्यातही पाण्यातील वजनाची. चांदी पाण्याच्या सुमारे साडेदहापट जड आहे. शंभर ग्रॅम चोख चांदी दोऱ्याने पाण्यात लोंबती धरली तर तिचे वजन सुमारे साडेनऊ ग्रॅमने घटते. तांब्याचे सुमारे अकरा ग्रॅमने आणि शिशाचे सुमारे पावणेनऊ ग्रॅमने घटते. ही परीक्षा डाग न मोडता होते आणि घरच्या घरीही करता येते. पण शिसे चांदीहून जड आणि कथील हलके असल्याने दोहोंच्या मिश्रणाने हे गणितही जुळविता येते. मात्र असे मिश्रण मऊ असून बद्द वाजते. म्हणजे जे तराजूला फसविते ते कानाला फसवीत नाही, आणि जे कानाला फसविते ते तराजूत सापडते. जुन्या सराफाची दोन्ही हातांची सवय, एका हाताने नाणे वाजविण्याची आणि दुसऱ्याने तोलण्याची, या कारणाने शहाणपणाची होती.

चौथी परीक्षा दगडाची आणि तेजाबाची. सोन्याच्या बाबतीत कसोटीचा दगड फार बारीक भेद दाखवितो. रुप्याची रेघ मात्र इतर पांढऱ्या धातूंच्या रेघेशी सहज मिसळते. म्हणून त्या रेघेवर तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक आम्लाचा, थेंब देतात. तांबे-पितळ हिरवे फेसाळते. चांदी विरघळते, आणि त्यावर मिठाचे पाणी पडताच दह्यासारखा पांढरा साका बसतो. उजेडात ठेवल्यास तो काळसर होतो. शिशाचाही साका पांढराच असतो, पण तो कढत पाण्यात विरघळतो, चांदीचा विरघळत नाही. येथे एक सावधगिरी अवश्य आहे. तांबेमिश्रित चांदी तापवून आंबट द्रवात बुडविली असता वरचे तांबे निघून जाते आणि पृष्ठभाग आतल्या धातूहून अधिक शुद्ध होतो. सोनारीत 'उजळा देणे' म्हणतात ते हेच. म्हणून रेघ वरवर ओढून भागत नाही. कानशीने थोडे खोल जावे लागते.

पाचवी परीक्षा अग्नीची. चोख चांदी तापविल्यावर पांढरीच राहते. तांब्याची भेसळ असेल तर काळी पडते. आणि अखेरचा निर्णय पाहिजे असेल तर चांदीचा लहान तुकडा शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या कुपीत वितळवितात. शिसे आणि इतर हीन धातू जळून राखेत शोषले जातात आणि शुद्ध चांदीचा मणी मागे उरतो. त्याचे वजन हाच कस. १८३० च्या दशकात पॅरिसच्या टांकसाळीसाठी गे-ल्युसाक या रसायनशास्त्रज्ञाने मिठाच्या द्रावाने चांदी मोजण्याची अधिक अचूक रीत रूढ केली. आजच्या प्रयोगशाळांतील रीती तिच्याच वंशातल्या आहेत. या परीक्षेची मर्यादा एकच : तिच्यासाठी डाग कापावा लागतो.

६. कलदार रुपया

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आजच्या मापाने सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्याला 'कलदार' म्हणू लागले. कडेवरील दात्यांमुळे कडा कातरून चांदी काढणे कठीण झाले. कस टांकसाळीतच तपासला जाऊ लागला. बट्ट्याचा धंदा हळूहळू मंदावला. १८५३ साली मुंबई-ठाणे आणि १८५४ साली कल्याणपर्यंत लोहमार्ग आला, आणि मुंबईच्या टांकसाळीतला रुपया काही तासांत कल्याणच्या पेठेत पोहोचू लागला. डोंगरपट्टीतल्या स्त्रियांच्या गळ्यातील माळेत 'राणीछाप' रुपया ओवला गेला तो याच विश्वासाने. रुपया हीच लगड आणि रुपया हाच डाग झाला.

पण १८९३ साली सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या. त्यापूर्वी कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शके. आता रुपयाचे दर्शनी मूल्य त्यातील चांदीच्या भावाहून अधिक राहू लागले. त्यामुळे एक अपूर्व प्रश्न उद्भवला. पूर्ण कसाची, पूर्ण वजनाची चांदी घेऊन चोरून रुपया पाडला तरीही पाडणाऱ्यास नफा होणार! दगड, कान, तराजू, तेजाब या सर्वांनी ज्याला खरे म्हणावे असा रुपया आता खोटा असू शकत होता. धातूची सत्यता आणि छापाची सत्यता या दोन गोष्टी येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे विभक्त झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चांदी महागली तेव्हा हे गणित काही काळ उलटले. पुढे १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली, नकलेला आळा घालण्यासाठी कडेवर विशेष खोबण काढण्यात आली, आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. तेव्हापासून राणीछाप आणि राजाछाप रुपये पैसा म्हणून नव्हे, रुपे म्हणून घरोघरी जपले गेले; आणि अर्थात त्यांच्या नकलाही निघाल्या. दिवाळीच्या दिवसांत विकल्या जाणाऱ्या अशा नाण्याचे वजन ११.६६ ग्रॅमहून ठळकपणे निराळे भरले, तर पुढची परीक्षा करण्याचीही गरज उरत नाही.

याच शतकात रुप्याला दोन नवे तोतये मिळाले. १८२० च्या दशकात जर्मनीत तांबे, निकेल आणि जस्त यांचे पांढरे मिश्रण प्रचारात आले. त्यात चांदीचा अंशही नसताना त्याचे नाव 'जर्मन सिल्व्हर' पडले. पुढे खेड्यापाड्यांत 'जर्मन' हा शब्द अॅल्युमिनियमच्या भांड्यांनाही लागू झाला, ही अर्थांतराची गमतीदार पण बोलकी घटना होय : लोकांच्या मनात त्या शब्दाचा अर्थ 'पांढरे, पण चांदी नव्हे' एवढाच उरला. दुसरा तोतया विजेच्या मुलाम्याचा. १८४० साली इंग्लंडात एल्किंग्टन यांनी त्याचे एकस्व घेतले, आणि पत्रा ठोकून बसविण्याचे कष्ट वाचले. पेटकाला यंत्र मिळाले.

७. मुद्रा, यंत्र आणि ग्राहक

१९८३ साली महानगरपालिका झालेल्या कल्याण-डोंबिवलीत आज बहुसंख्य ग्राहक नोकरदार आहेत. ते पैंजण, जोडवी आणि ताटवाट्यांबरोबर चांदीची नाणी आणि लगडीही घेतात. २०२५ साली चांदीच्या भावाने १९८० सालचा जागतिक उच्चांक ओलांडला, तेव्हा हा ओघ वाढला. आणि भाव वाढला की तोतयाचा नफाही वाढतो.

भारतीय मानक संस्थेने २००५ साली चांदीच्या वस्तूंसाठी हॉलमार्कची योजना सुरू केली. १ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक वस्तूवर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक देण्याची पद्धत चांदीलाही लागू झाली. मात्र सोन्याप्रमाणे ती सक्तीची करण्यात आली नाही. ८००, ८३५, ९००, ९२५, ९७० आणि ९९० या जुन्या प्रतींत ९५८ आणि ९९९ यांची भर पडली. ९२५ म्हणजे हजार भागांत नऊशे पंचवीस भाग चांदी. ही कौटिल्याच्या अर्थाने जाहीर भेसळ आहे, फसवणूक नव्हे. फसवणूक ९२५ ची वस्तू ९९९ च्या भावाने विकण्यात आहे. या योजनेचे खरे बळ मुद्रेच्या आकृतीत नाही, कारण आकृती कोणीही कोरू शकतो. वस्तू विकणारी पेढी आणि तिचा कस तपासणारे केंद्र ही निराळी आहेत, आणि वस्तूवरील क्रमांक संस्थेच्या 'बीआयएस केअर' या साधनावर घालून ग्राहकाला स्वतः पडताळा पाहता येतो, यात ते आहे. जो ग्राहक क्रमांक पाहतो पण पडताळत नाही, त्याच्या दृष्टीने तो क्रमांक म्हणजे आणखी एक नक्षी.

पेढीवरील क्ष-किरणांच्या यंत्राविषयीही असेच म्हणावे लागते. ते क्षणात आकडा दाखविते, त्यामुळे ग्राहक निश्चिंत होतो. वस्तुतः ते धातूचा अगदी पातळ वरचा थर वाचते. जाड मुलामा किंवा उजळा दिलेला डाग त्याला शुद्ध भासू शकतो. म्हणजे कानशीने खोल जाण्याची जुनी सावधगिरी यंत्रानेही टळत नाही. लगडी आणि नाणी पारदर्शक वेष्टनात मोहोरबंद मिळतात, आणि पुष्कळदा वेष्टन फोडल्यास परत घेण्याची हमी संपते. वेष्टनाने धातूचे रक्षण होते हे खरे. पण कान, दगड आणि पाण्यातले वजन या तिन्ही परीक्षांची दारे त्याने बंद होतात. अशा वेळी शुद्धीकरण करणाऱ्या कारखान्याचे नाव, लगडीवरील क्रमांक आणि पावतीवर लिहिलेले वजन व प्रत हीच ग्राहकाची शस्त्रे. भाव बाजाराहून बराच उतरता असेल, विक्रेता पावतीला टाळाटाळ करीत असेल किंवा दुसरीकडे दाखवू देत नसेल, तर धातूची परीक्षा करण्यापूर्वीच व्यवहाराची परीक्षा झालेली असते.

या सर्व विवेचनात एक कटू सत्य विसरता कामा नये. चांदीतला खोटेपणा घेताना क्वचितच उघड होतो. तो उघड होतो मोडीच्या वेळी. पैंजण लग्नात घेतले जातात आणि आजारपणात, पेरणीच्या अडचणीत किंवा मुलाच्या शिक्षणासाठी मोडले जातात. तेव्हा घेतलेल्या दिवसाची पावती हरवलेली असते, विकणारा कदाचित हयात नसतो, आणि समोरचा सराफ जो कस सांगेल तो मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते. वीस वर्षांपूर्वीच्या फसवणुकीचा दंड अशा रीतीने सर्वांत अडचणीच्या दिवशी भरावा लागतो, आणि घरातले रुपे हे बहुधा स्त्रीधन असल्यामुळे तो बहुधा स्त्रीलाच भरावा लागतो. म्हणून मोडीच्या वेळीही दुसऱ्या पेढीवर किंवा तपासणी केंद्रात कस पाहून घेणे हे घेतानाच्या सावधगिरीइतकेच अगत्याचे आहे.

कार्षापणाच्या पाठीवरची खूण, रूपदर्शकाचे पारीक्षिक, सातकर्णीचा दुसरा ठसा, सराफाचा बट्टा, टांकसाळीचा कस आणि आजचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक ही सर्व एकाच गरजेची निरनिराळ्या काळांतील रूपे आहेत. खोटे करणाऱ्याने प्रत्येक काळी छापाची नक्कल केली; नक्कल करता आली नाही ती फक्त दुसऱ्या, निःस्वार्थ परीक्षकाची. मराठी भाषेने ही गोष्ट पूर्वीच ओळखली होती असे दिसते. कसोटीला 'उतरावे' लागते. कोणाचाही कस त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून ठरत नाही. माणसाविषयी बोलताना आपण हे जाणतो. चांदी घेतानाही ते जाणले, तर या शब्दांनी एवढी शतके केलेली राखण व्यर्थ गेली नाही असे म्हणता येईल.